दोन गाड्यांमधला रविवार

मराठीत ‘वीकएंड’ला नेमका प्रतिशब्द नाही, आणि अहमदपूर तालुक्यातल्या शेतकरी घराचे त्यावाचून काही अडतही नाही; जनावरांची वैरण आणि धार आठवड्याचे सातही दिवस सारख्याच असतात, मजुरी रोजावर ठरते आणि सुट्टी पावसामुळे मिळते. तरीही गेल्या तीन-चार दशकांत या भागातल्या अनेक घरांत रविवार हा निराळा वार होऊन बसला आहे, आणि त्याचे कारण लातूर किंवा नांदेड येथे ‘खोली करून’ राहिलेली मुले हे आहे. ‘खोली करणे’ म्हणजे दोघा-चौघांनी मिळून एखाद्या घराचा भाग भाड्याने घेणे आणि जेवणासाठी मेस लावणे किंवा गावाकडून येणाऱ्या डब्यावर भागवणे. वसतिगृहात खाटेच्या हिशेबाने राहणे, ज्याला तेथे ‘कॉट बेसिस’ म्हणतात, हा त्याचाच थोडा महागडा प्रकार. या खोलीवर किंवा या खाटेपाशी महिन्यातून एक-दोन रविवारी आई, बाप किंवा दोघे येऊन जातात. सकाळच्या गाडीने येणे आणि दिवस मावळायच्या आत गावची गाडी धरणे एवढाच त्या भेटीचा विस्तार असतो.

‘लातूर पॅटर्न’ या नावाने महाराष्ट्रभर परिचित झालेल्या अध्यापनपद्धतीचे वर्णन करताना या भेटीचा उल्लेख सहसा कोणी करत नाही. १९७० साली स्थापन झालेल्या लातूरच्या राजर्षी शाहू महाविद्यालयाने, ज्याचे पहिले प्राचार्य डॉ. जनार्दन वाघमारे होते, आणि १९६१ पासूनच्या दयानंद महाविद्यालयाने जी पद्धत रूढ केली, तिच्यात जादा तास, वारंवार सराव परीक्षा, तपासलेली उत्तरपत्रिका विद्यार्थ्यासमोर ठेवून प्रत्येक चुकीची चर्चा आणि शिक्षकांची दिवसभराची उपलब्धता या गोष्टी येतात. प्राचार्य अनिरुद्ध जाधव यांचे नाव या पद्धतीच्या घडणीशी कायमचे जोडले गेले आहे. पुढे बोर्डाच्या गुणवत्ता याद्यांतून ही पद्धत राज्याला कळली, खासगी शिकवण्यांनी ती उचलली आणि उद्योग भवनाच्या परिसरात ‘ट्युशन एरिया’ नावाची एक वसाहतच उभी राहिली. हे सर्व खरे असले तरी ते अपुरे आहे. सोळा-सतरा वर्षांचे मूल दोन वर्षे दिवसाचे बारा-चौदा तास बाकावर बसवायचे, तर त्याला कोणीतरी खाऊ घालावे लागते, त्याचे आजारपण काढावे लागते, त्याच्या खिशात पैसे ठेवावे लागतात आणि अधूनमधून त्याचा चेहरा पाहावा लागतो. हे काम महाविद्यालयाने केले नाही आणि शिकवणीनेही केले नाही, ते एसटीने येऊन-जाऊन पालकांनी केले. राजस्थानातल्या कोटा या शिकवण्यांच्या शहरात बिहारहून मूल पाठवणाऱ्या बापाला दर पंधरवड्याला तेथे जाता येत नाही. लातूरला आणि नांदेडला मूल पाठवणाऱ्या मराठवाड्यातल्या बापाला ते जमते, कारण ही दोन्ही शहरे त्याच्या गावापासून एका दिवसाच्या येण्याजाण्यात बसतात. पॅटर्नच्या यशातला हा अंतराचा वाटा मोठा आहे.

हे अंतर कमी व्हायला जवळजवळ अर्धे शतक लागले. अहमदपूर, उदगीर आणि निलंगा हे तालुके १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत बीदर जिल्ह्यात होते, आणि निजामाच्या राज्यात उच्च शिक्षण म्हणजे प्रामुख्याने हैदराबाद, म्हणजेच १९१८ साली स्थापन झालेले उर्दू माध्यमाचे उस्मानिया विद्यापीठ. तेथे मुलगा पाठवण्याची ऐपत फार थोड्या घरांची होती, आणि ज्यांनी पाठवला त्यांच्यासाठी भेट ही वर्षातून एकदा, मुलाने सुट्टीत घरी येण्याची गोष्ट होती. बापाने हैदराबादला जाऊन मुलाला पाहून येणे हा प्रवासाइतकाच भाषेचाही प्रश्न होता. १९५० मध्ये नांदेडला पीपल्स कॉलेज सुरू झाले, ज्याच्याशी विचारवंत नरहर कुरुंदकरांचे नाव जोडलेले आहे. त्याच वर्षी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी औरंगाबादला सुरू केलेल्या आणि पुढे मिलिंद या नावाने ओळखल्या गेलेल्या महाविद्यालयाने व त्याच्या वसतिगृहांनी मराठवाड्याच्या खेड्यांतल्या दलित मुलांसाठी दार उघडले. १९५८ मध्ये मराठवाडा विद्यापीठ आले, त्यानंतर लातूरची दोन महाविद्यालये, १९८२ मध्ये लातूर जिल्हा आणि १९९४ मध्ये नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नावाचे विद्यापीठ. इतिहासाच्या पुस्तकांत ही शिक्षणप्रसाराची पायरीपायरीने झालेली वाटचाल म्हणून येते. पालकाच्या बाजूने पाहिले तर प्रत्येक पायरीने मुलापर्यंतचा रस्ता काही तासांनी कमी केला, आणि तो दीड-दोन तासांवर आला तेव्हा वर्षाची भेट पंधरवड्याची झाली.

अहमदपूरचे स्थान या व्यवस्थेत दुहेरी आहे. तुळजापूरहून लातूर, नांदेड आणि यवतमाळमार्गे नागपूरकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावर, एका हाताला लातूर आणि दुसऱ्या हाताला नांदेड ठेवून हे गाव बसले आहे. रेल्वे नाही, त्यामुळे जे काही येते-जाते ते बसस्थानकातून. अकरावीला कोणत्या दिशेची गाडी धरायची हा येथल्या घरांतला दरवर्षीचा वाद असतो आणि तो बहुधा शिकवणीच्या लौकिकापेक्षा मामा किंवा आत्या कोणत्या शहरात राहते यावर सुटतो. पण अहमदपूर नुसते मुले पाठवत नाही, ते स्वतःही मुले सांभाळते. किनगाव, हाडोळती, अंधोरी, खंडाळी, शिरूर ताजबंद आणि त्यांच्या आसपासच्या वाड्या-तांड्यांवरची मुले शाळा-महाविद्यालयासाठी अहमदपुरात खोली करून राहतात, आणि त्यांचे पालक येतात ते रविवार पाहून नव्हे, बाजार पाहून. तालुक्याच्या ठिकाणची भेट ही स्वतंत्र फेरी नसते. बियाणे, बँकेचे काम, तहसीलचा कागद आणि भाजीपाला यांच्या मध्ये कुठेतरी मुलाच्या खोलीवर टाकलेली ती चक्कर असते, आणि म्हणूनच कदाचित तिच्यात अवघडलेपण कमी असते. जिल्ह्याच्या ठिकाणी बाप फक्त मुलाला भेटायला जातो, त्यामुळे दोघांनाही त्या भेटीचे ओझे वाटते.

भेटीच्या आधी डबा पोहोचलेला असतो. गावातून शहरात शिकणाऱ्या मुलाचा जेवणाचा डबा एसटीच्या गाडीत ठेवून देण्याची चाल मराठवाड्यात जुनी आहे, आणि अशा डब्यांची विनामूल्य ने-आण एसटीच्या सवलतींतही धरलेली आहे. पहाटे भाकरी थापून, डबा कापडी पिशवीत घालून आणि पिशवीचे तोंड नाडीने आवळून तो फाट्यावर पहिल्या गाडीच्या चालकाकडे दिला जातो. केबिनमध्ये, इंजिनाच्या उबेपाशी अशा पिशव्यांची रांग लागते, आणि शहराच्या स्थानकात मुले आपापली पिशवी ओळखून घेतात. ओळख पटावी म्हणून डब्याच्या झाकणावर ऑइलपेंटने किंवा आईच्या नेलपॉलिशने नाव आणि गाव लिहिलेले असते, काही पिशव्यांना ओळखीचे रंगीत फडके शिवलेले असते. आत ज्वारीच्या दोन-तीन भाकरी, एखादी कोरडी भाजी, शेंगदाण्याची किंवा जवसाची चटणी. लांबचा डबा असेल तर दशमी, म्हणजे पाण्याऐवजी दुधात पीठ मळून केलेली आणि दोन दिवस टिकणारी भाकरी, अथवा धपाटे. रिकामा डबा संध्याकाळच्या गाडीने परत जातो, आणि तो घासून पाठवला आहे की तसाच, भाकरी उरली आहे की नाही, यावरून आई मुलाच्या तब्येतीचा आणि मनःस्थितीचा अंदाज बांधते. दोन-तीन दिवस अर्धी भाकरी परत आली, की रविवारची फेरी ठरते. ने-आण सवलतीत असली तरी डबे सांभाळण्याचे काम चालक-वाहकांनी वर्षानुवर्षे नोकरीच्या यादीत नसताना केले आहे, आणि डबा कोणी चोरला अशी तक्रार त्या मानाने क्वचितच ऐकू येते.

प्रत्यक्ष भेटीची वेळ पालकाच्या हातात नसते. बहुतेक शिकवण्यांत आठवड्याची चाचणी रविवारी सकाळी असते. त्यामुळे पहिल्या गाडीने आलेले आई-बाप इमारतीच्या पायऱ्यांवर, चहाच्या टपरीपाशी किंवा झाडाच्या सावलीत पिशव्या मांडून दोन-तीन तास बसतात, आणि या बसण्यातच निलंगा, कंधार, लोहा, मुखेड, जळकोट अशा लांबलांबच्या गावांचे लोक एकमेकांना कोणती बॅच, कोणती मेस, कुठले घरमालक चांगले हे सांगतात. कोणत्याही माहितीपत्रकात नसलेली माहिती या पायऱ्यांवर मिळते. मग मुले बाहेर येतात, आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो: किती पडले?

या प्रश्नाचे स्वरूप गेल्या काही वर्षांत बदलले. बारावीच्या गुणांवर वैद्यकीय प्रवेश होत असे तोवर टक्केवारी बापाला कळत होती, कारण तोही कधीतरी शाळेत गेलेला असे. १९९९ पासून राज्याची सामाईक प्रवेश परीक्षा आणि २०१७ पासून सक्तीने ‘नीट’ ही देशपातळीवरची परीक्षा आल्यावर हिशेब ७२० गुणांचा झाला, ज्यात बरोबर उत्तराला चार गुण मिळतात आणि चुकीच्या उत्तराला एक गुण जातो. म्हणजे न येणारा प्रश्न सोडून देणे ही या परीक्षेत अक्कल ठरते, आणि ‘काहीतरी लिहून ये’ असा सल्ला आयुष्यभर ऐकलेल्या पालकाला ‘मी वीस प्रश्न सोडले’ हे वाक्य आळसासारखे ऐकू येते. दुसरा बदल मोबाइलने केला. चाचणीचे गुण आता पालकाच्या फोनवर येतात; पूर्वी बाप गुण कळावेत म्हणून येत असे, आता तो गुण कळलेले असतानाच येतो. मुलाजवळ सांगण्यासारखी एकच गोष्ट होती, तीही त्याच्या आधी बापापर्यंत पोहोचलेली असते. शिकवण्या या सोयीचा अभिमानाने उल्लेख करतात. मुलाच्या तोंडचे पहिले वाक्य तिने काढून घेतले आहे, हे मात्र कोणी सांगत नाही.

त्यानंतरचा तास खोलीवर जातो. आई खाटेखालचे कपडे ओढून काढते, गादीला ऊन दाखवते, चटणीचा नवा डबा जुन्याच्या जागी ठेवते. बाप भिंतीवर चिकटवलेले सूत्रांचे कागद वाचतो किंवा वाचल्यासारखे करतो आणि घरमालकाशी पाण्याबद्दल व विजेच्या बिलाबद्दल बोलतो. लातूरला असतील तर तिघे गंजगोलाईला, म्हणजे मध्यभागी देवीचे मंदिर आणि सोळा रस्ते फुटणाऱ्या वर्तुळाकार बाजारपेठेत, चप्पल किंवा चादर घ्यायला जातात. बोलणे थोडेच होते, आणि जे होते ते म्हशीचे, पावसाचे, चुलत्याशी चाललेल्या बांधाच्या भांडणाचे. हे विषयांतर आहे असे वरवर वाटते. पण घरातला निर्णय सांगून, विचारून, मूल अजून घरातच आहे हे दाखवण्याचा तो एक रीतसर मार्ग आहे. निघताना पैसे दिले जातात. ते मोजून दिले जात नाहीत. घडी केलेल्या नोटा तळहातातून तळहातात जातात, आणि मूल त्या बापासमोर मोजत नाही.

मुक्काम क्वचित होतो, आणि त्यामागे केवळ गुरांची चिंता नसते. मुलांच्या वसतिगृहात बाप एक रात्र सतरंजी टाकून झोपू शकतो, आईला तेथे जागा नसते. मुलींच्या वसतिगृहात आई लेकीच्या खाटेवर अंग टाकते, पण बापाला नोंदवहीत सही करून आणि पालकाचे ओळखपत्र दाखवून बैठकीच्या खोलीपुरतेच आत येता येते. म्हणजे जोडप्याने एकत्र मुक्काम करायचा तर लॉज हवा, आणि लेकराला भेटायला जाऊन लॉजवर पैसे घालवणे शेतकरी घराला अपराधासारखे वाटते. नांदेडला जाणाऱ्यांची निदान जेवणापुरती सोय आहे, कारण सचखंड हुजूर साहिब गुरुद्वाऱ्याचा लंगर कोणालाही जातधर्म न विचारता जेवू घालतो. लातूरचा आणखी एक अडसर पाण्याचा राहिलेला आहे. २०१६ च्या उन्हाळ्यात पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावावी लागली, आणि १२ एप्रिलला मिरजेहून दहा वाघिणींतून सुमारे पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली ‘जलदूत’ गाडी शहरात आली; अशा दिवसांत खोलीवर थांबलेला पाहुणा म्हणजे चार मुलांच्या वाट्यातून गेलेल्या दोन बादल्या होत्या.

भेटींचा क्रम शिक्षणाच्या दिनदर्शिकेपेक्षा पिकाच्या दिनदर्शिकेवर चालतो, आणि या दोन्हींची पैशापाशी गाठ पडते. अकरावीचा प्रवेश, शिकवणीचा पहिला हप्ता आणि खोलीची अनामत रक्कम जून-जुलैत द्यावी लागते, म्हणजे नेमक्या त्या आठवड्यांत जेव्हा बियाणे, खत आणि पेरणीचा खर्चही उभा असतो. सोयाबीनचा पैसा मात्र दसऱ्या-दिवाळीच्या सुमारास, रास होऊन माल बाजारात गेल्यावर येतो. मधल्या चार महिन्यांसाठी अडत्याकडून, म्हणजे बाजार समितीतल्या दलालाकडून, उचल घेतली जाते आणि माल त्याच्याच दुकानी घालायचे कबूल केले जाते. त्यामुळे पेरणीत आणि राशीच्या दिवसांत भेटी थांबतात. दिवाळीच्या तोंडावरची भेट लांबते, कारण तिच्यात दुसरा हप्ता भरायचा असतो. आणि सोयाबीनचा भाव पडलेल्या वर्षी बाप एकटाच येतो, आईला सोबत आणत नाही, म्हणजे हप्त्याची मुदत मागताना तिने पाहू नये.

आईचे येणे अलीकडे वाढले असावे असे मानायला एक साधे कारण आहे: १७ मार्च २०२३ पासून एसटीने महिलांना अर्धे तिकीट केले. ज्या घरात ‘दोघांनी कशाला, मीच जाऊन येतो’ हे वाक्य चालत होते, तेथे हिशेब उलटला. काही घरांनी मात्र भेटीचा प्रश्नच मिटवला. आईनेच दोन वर्षे लातूरला किंवा नांदेडला बिऱ्हाड केले, गावाकडे बाप, आजी आणि गुरे राहिली, आणि रविवारी भेटायला येणारा माणूस आता नवरा झाला. मुलाची भाकरी गरम झाली, पण शेतावरचे दोन राबते हात कमी झाले, आणि त्यांची मजुरी शिक्षणाच्या खर्चात कोणी धरत नाही.

अमेरिकेतल्या महाविद्यालयांत शरद ऋतूतल्या एका शनिवार-रविवारी ‘फॅमिली वीकएंड’ असतो; संस्थाच पालकांना बोलावते, व्याख्याने ठेवते, सामना दाखवते. येथली पालक सभा हा त्याचा दूरचा नातलग म्हणता येईल, पण तिच्यात पालक खुर्चीवर बसून निकालाचे तक्ते ऐकतो. पालकाला पाहुणा मानणारा दिवस या भागात संस्थांकडे नाही, तो शेताकडे आहे, आणि त्या दिवशी भेटीची दिशा उलटते. मार्गशीर्षातली अमावास्या, जिला लातूर-धाराशिवकडे ‘येळवस’ म्हणतात, हा या पट्ट्याचा खास सण. लातूर जिल्ह्यात त्या दिवशी स्थानिक सुट्टी देण्याची प्रथा आहे. शेतात कडब्याची कोप करून, म्हणजे ज्वारीच्या ताटांचा झोपडीवजा आडोसा करून, त्यात दगडांचे पांडव मांडतात, आणि ओल्या शेंगदाण्यांची व अनेक भाज्यांची बेसनात शिजवलेली भज्जी, बाजरीचे उंडे आणि ताकात ज्वारीचे पीठ शिजवून केलेली आंबील येईल त्याला वाढतात. त्या सकाळी अहमदपूरकडे येणाऱ्या गाड्यांत वह्या घेतलेली मुले उभ्याने प्रवास करतात, सोबत गाव नसलेल्या किंवा लांबचे गाव असलेल्या खोलीतल्या मित्रांनाही आणतात, आणि जेवणानंतर बाप त्या परक्या मुलांना तूर कुठे आहे आणि हरभरा कुठे, ते बांधावरून हिंडून दाखवतो. वर्षभर सूत्रांच्या कागदांसमोर गप्प बसलेल्या माणसाला त्या दिवशी सांगण्यासारखे पुष्कळ असते.

या साऱ्या येरझारा ज्या यशासाठी होतात, ते मिळाले की अंतर पुन्हा वाढते. राज्यातल्या वैद्यकीय प्रवेशात पूर्वी प्रादेशिक आरक्षण होते. सत्तर टक्के जागा त्या-त्या विभागातल्या विद्यार्थ्यांना आणि तीस टक्के राज्यभरातल्यांना, असा तो ७०:३० चा नियम. मराठवाड्यात महाविद्यालये कमी असल्याने चांगले गुण असूनही मुले मागे पडतात, म्हणून तो रद्द करावा ही मागणी येथल्याच पालकांनी लावून धरली आणि सप्टेंबर २०२० मध्ये ती मान्य झाली. मागणी न्याय्य होती यात शंका नाही. पण जुन्या नियमात मराठवाड्याच्या मुलाला जागा मिळाली तर ती बहुधा अंबाजोगाई, नांदेड, लातूर किंवा औरंगाबाद येथे असे, आणि ही सगळी ठिकाणे एसटीच्या व डब्याच्या टप्प्यातली; आता ती गोंदिया किंवा सिंधुदुर्गातही निघते. तेथे पिशवी चालकाकडे देता येत नाही, सकाळी जाऊन संध्याकाळी परतता येत नाही, आणि रेल्वेचे आरक्षण साठ दिवस आधी उघडते. साठ दिवसांनी सोयाबीन काढणीला आलेले असेल की पावसात भिजत पडलेले असेल, हे किनगावच्या शेतकऱ्याला सांगता येत नाही. म्हणून तो मुलालाच सांगतो, दिवाळीला तूच ये.